वरच्या थरातली एकेचाळीस घरं

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. मुरबाडला एसटी स्टँडच्या मागे एका संस्थेचं कार्यालय आहे, तिथल्या अडगळीत पडून असतो. माझ्या आठवणी अजून शाबूत आहेत. त्या गोड नाहीत, हे आधीच सांगतो.

२००७ साली मुंबईच्या एका कॉलेजनं मला वापरून झाल्यावर इकडे धाडलं. लोक कौतुकानं बघायला आले, कुणी हळदकुंकूही वाहिलं. माझा मुख्य पासवर्ड कार्यालयाचे प्रमुख सावळारामभाऊ यांनी स्वतःजवळ ठेवला. काम मात्र सगळं रेश्मा करी. ती साधी वापरकर्ती. माझ्यात काही बदल करायचा अधिकार तिला नव्हता.

संस्था गरिबांना घरं बांधून देणार होती. पाहणी झालेल्या कुटुंबांची यादी फोटो-अर्जांसकट एका सीडीवर आली. गावाबाहेरची वाडी त्यात नाहीच, हे रेश्माच्या लगेच ध्यानात आलं. असणार कशी? पाहणी झाली माघात, तेव्हा अख्खी वाडी वीटभट्ट्यांवर कामाला गेलेली. बंद दारं बघून पाहणीवाले ‘कुणी राहत नाही’ असं लिहून मोकळे झाले.

त्या सीडीवर नवं काही लिहिता येत नव्हतं, आणि ती सगळी उतरवून घ्यायला माझ्या पोटात जागा नव्हती. यादीवर दुसरा थर चढवायचा म्हणून रेश्मानं पासवर्ड मागितला.

“तुला कशाला पायजे गो?” भाऊ म्हणाले. “टायपिंग कर ना गुपचूप.”

रेश्मा खट्टू झाली, पण हटली नाही. माझ्यासोबत आलेल्या पुस्तिकेतून तिनं पासवर्डाशिवायची वाट शोधून काढली. खाली सीडीचा थर, वर तिच्या स्वतःच्या फोल्डरचा. दोन्ही मिळून एकच यादी दिसे. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून तुम्ही नव्या रेघा ओढता ना, तसंच. खालचा नकाशा जसाच्या तसा राहतो. भट्ट्या बंद होऊन माणसं परतली तशी ती वाडीत जाऊ लागली. एकेचाळीस घरं तिनं वरच्या थरात नोंदवली. माझ्या उभ्या आयुष्यात याहून चांगलं काम माझ्या हातून झालं नाही.

पण एक मेख होती. साध्या वापरकर्त्यानं रचलेले थर फक्त त्यालाच दिसतात. मुख्य पासवर्डवालासुद्धा आपल्या नावानं आत आला, तर त्याला नुसती सीडीच दिसते.

“भाऊ, छापायचं झालं तर माज्या नावानं उघडा,” रेश्मानं दोनदा बजावलं. “माजा पासवर्ड चिठ्ठीवर लिवून ठेवलाय.”

“मी? तुज्या नावानं?” भाऊ हसले. “हापिस कोनाचं हाय?”

पौषात रेश्मा दोन दिवस जवळच्या म्हसा गावच्या जत्रेला गेली, आणि वरून यादी तातडीनं मागवली गेली. वाडी पुन्हा भट्ट्यांवर होती. भाऊंनी चिठ्ठी बाजूला सारली, स्वतःच्या नावानं आत आले आणि नुसती सीडीवरची यादी छापून पाठवून दिली. मला ओरडावंसं वाटलं. पण मित्रांनो, यंत्राला विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

उन्हाळा सरताना भट्टीवरून परतलेली वाडीतली हौसा कार्यालयाच्या भिंतीवर लावलेली मंजूर घरांची यादी बघून आत आली. रेश्मानं मला सुरू केलं.

“ह्ये बघ मावशी, तुजं नाव. खोटं नाय सांगत.”

हौसानं माझ्या काचेला बोट लावलं. “हाय ना? मंग कागदावर का नाय?”

रेश्मा रडायला लागली. यादी केव्हाच बंद झाली होती. आतून भाऊ म्हणाले, “मशीन जुनी झालीय. तिनंच नावं खाल्ली.”

त्याच आठवड्यात मला अडगळीत टाकलं. रेश्मानं काम सोडलं. दुसऱ्या गावांत घरं उभी राहिली. हौसाच्या कुडाला मात्र अजून शेणमातीच आहे.

जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं सांगून मी आता तुमचा निरोप घ्यायला हवा. मी ते सांगणार नाही. माझ्यावरची धूळ राहू द्या. उद्या तुमच्यापैकी कुणी प्रमुख झाला, तर एवढंच करा: यादी पाठवण्याआधी ती ज्यांची आहे त्यांच्या अंगणात जा आणि मोठ्यानं वाचा. ती माणसं गावी नसतील, तर येईपर्यंत थांबा.