दाराजवळचा खिळा

सुज्ञ वाचकहो, एका क्षुल्लक खिळ्यावरून माझ्या तळपायाची आग मस्तकात कशी गेली, याचा वृत्तान्त पुढे यथामती निवेदन करीत आहे.

मी शिंपी. माझ्या दुकानाच्या भिंतीत तीन खिळे होते. यंत्राशेजारचा आजच्या कामाचा, मधला उद्याच्या कामाचा आणि दाराजवळचा ज्यांना थांबवले तरी चालते अशांचा. या तिसऱ्या खिळ्यावर माझ्या पत्नीचा बेतून ठेवलेला गणवेश कित्येक दिवस लोंबकळत होता. तिला रुग्णालयात मदतनिसाची नोकरी लागली होती. गणवेश नसेल तर पहिल्याच दिवशी फाटकातून परत पाठवू, अशी तंबीही मिळाली होती. परंतु जो येई तो आपले काम तातडीचे म्हणे आणि घरचे मागे सरके.

नोकरीच्या आदल्या दुपारी मी निश्चयपूर्वक गणवेश पहिल्या खिळ्यावर आणला. यंत्रात दोरा ओवतो न ओवतो तोच गल्लीतले ठेकेदार विजार घेऊन हजर. संध्याकाळच्या मेजवानीसाठी ती आखूड करून हवी होती. मी उद्या या म्हणताच त्यांनी स्वहस्ते गणवेश काढून दाराजवळ टांगला आणि त्या जागी विजार अडकवली.

"मास्तर, हे वहिनींचंच ना? त्या कुठे पळून चालल्यात? आणि मी काय परका आहे? घरचाच माणूस."

पडद्याआडून पत्नी ओल्या हातांनी बाहेर आली. ठेकेदारांकडे तिने पाहिलेही नाही.

"उद्या मला परत पाठवलं," ती मला म्हणाली, "तर यापुढे तुमच्या गिऱ्हाइकांची बटणं तुम्हीच लावा."

तिच्या बोलण्यात खोट काढण्यास जागा नव्हती. माझा समस्त क्रोध त्या विजारीवर एकवटला. ती उचलून मी दाराजवळ टांगली.

"घरचे ना तुम्ही, साहेब? मग हा खिळा तुमचा. घरचे लोक इथंच थांबतात."

पुन्हा पायरी चढणार नाही, गल्लीभर बोभाटा करीन, असे पुष्कळ ऐकवून ठेकेदार विजारीसह तरातरा निघून गेले. संतापाच्या भरात मला दोरा काही नेढ्यात घालता येईना. अखेर पत्नीनेच तो ओवून दिला.

दुसऱ्या सकाळी ती गणवेश घालून फाटकातून आत गेली. मी दुकानी परतलो आणि तिसरा खिळा पकडीने उपटून काढला. भिंतीला भोक पडले आहे. ते बुजवायचे आहे. परंतु ते काम तातडीचे नाही.

माझा राग येथवर सोसल्याबद्दल वाचकांचा ऋणी आहे.

आपला नम्र,
टाचणीमास्तर