पुढच्या डाव्या चाकाची हवा

गनीभाईंच्या घरात शुक्रवारची सकाळ फियाटच्या चाकांपासून सुरू व्हायची. ऊन अंगणात उतरायच्या आत, चाकं गार असतानाच हवा मोजायची, हा त्यांचा नेम. गाडी थोडी जरी पळाली तरी आतली हवा तापते, काटा वर चढतो आणि माणूस फसतो, हे त्यांनी लेकीला, सुमैयाला ती शाळेत जायची तेव्हापासून शिकवलं होतं. पुढं चोवीस पौंड, मागं सव्वीस. पेट्रोल पंपावर ते कधी हवा भरून घेत नसत. तिथं नव्या गाड्यांच्या हिशेबानं ठासून भरतात, मग म्हातारी उड्या मारत चालते, असं म्हणायचे. म्हातारी म्हणजे गाडी. बायकोला, सुगराबीला म्हातारी म्हणायची त्यांची छाती नव्हती.

सुमैया लग्न होऊन कारेगावला राहत होती आणि रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला होती. कारखान्यातली मोजायची साधनं बरोबर दाखवतात की नाही ते तपासायचं, हेच तिचं काम. शुक्रवारी सुट्टी असायची, तेव्हा ती शिरूरला माहेरी यायची. अब्बांचे गुडघे वाकेनासे झाले, काट्यावरचे आकडे दिसेनासे झाले, तशी चाकांची हवा बघायचं काम आपसूक तिच्या वाट्याला आलं. गाडी मात्र अब्बाच चालवायचे. यावरून घरात कुरबुर असायची. पुण्याला असलेला भाऊ सैफ दर फोनला म्हणायचा, "अब्बांच्या हातातनं चावी काढून घ्या." सुगराबी म्हणायची, "तू येऊन काढ."

त्या जानेवारीत गनीभाईंना यवतला जायचं होतं. यवतचे आबा त्यांचे जुने दोस्त. आबांच्या घरी पूर्वी मेंढरं होती, तेव्हा कोकरं बाजाराला आणायची तर गनीभाईंच्याच टेंपोतून. पुढं मेंढरं गेली, आबा शेतीत रमले, टेंपोही विकला गेला, पण दोस्ती राहिली. आबांची नात हर्षदा दौंडला बाळंत झाली होती. आबांची बायको अनसाबाई आधीच तिच्याकडं जाऊन राहिली होती. आबांना घेऊन दौंडला जायचं, बाळ बघायचं आणि संध्याकाळी परतायचं, असा बेत दोघांनी फोनवर केला होता.

निघायच्या दिवशी सकाळी सुमैयानं चाकं बघायला घेतली. मागची दोन्ही बरोबर होती. पुढचं उजवंही. डाव्या पुढच्याला मीटर लावलं तर काटा बारावर येऊन थांबला. तिनं पुन्हा लावलं. बाराच. व्हॉल्व्हमधून हवा जरा जरा निसटत असणार, गेल्या आठवड्यातही हे चाक थोडं उतरलं होतं. पायपंप डिकीत होता. डिकी उघडली तर पंपावर अम्मीनं रचलेलं सामान, डिंकाच्या लाडवांचा डबा, बाळाची दुपटी, पेरूची पिशवी. सगळं उतरवावं लागणार होतं. तेवढ्यात फोन वाजला. सोमवारी कारखान्यात ऑडिट होतं आणि एक रिपोर्ट साहेबांना सापडत नव्हता. ती बोलत बोलत अंगणाच्या टोकाला गेली. फोन ठेवला तरी मेसेज येतच राहिले.

अब्बा बाहेर आले. पांढरा सदरा, अत्तर, डोक्यावर इस्त्रीची टोपी.

"झाली का गं हवा?"

"झाली, अब्बा," सुमैया म्हणाली. मान वर न करता.

गाडी आळीच्या तोंडाशी वळली तेव्हा तिनं मान वर केली. हातात फोनच होता. एवढंच सांगायचं होतं, की अब्बा, पुढच्या डाव्यात हवा कमी आहे, वाटेत भरून घ्या. पण मग आताच झाली म्हणालीस ते काय, हेही आलं. सरळ रस्ता आहे, अब्बा सावकाश चालवतात, संध्याकाळी आले की बघू, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि साहेबांच्या मेसेजला उत्तर लिहिलं.

अपघात दुपारच्या आधी झाला. पाटसहून दौंडकडं जाताना पुढं उसाचा ट्रॅक्टर होता. त्याची मागची ट्रॉली अचानक थांबली. गनीभाईंनी ब्रेक दाबला आणि गाडी जी डावीकडं ओढली गेली ती सरळ रस्त्याकडेच्या चारीत उतरून बाभळीला धडकली. गनीभाईंच्या कपाळाला टाके पडले. शेजारी बसलेल्या आबांचं खुब्याचं हाड मोडलं.

दौंडच्या दवाखान्यात सुमैया पोचली तेव्हा आबांना ऑपरेशनला आत नेलं होतं. अब्बा बाकावर बसले होते. सदऱ्यावर रक्त वाळलेलं. तिला बघून ते म्हणाले, "माझ्या डोळ्यांनी घात केला, सुमे. ट्रॉली मला उशिरा दिसली."

तेव्हाच तिनं बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण अनसाबाई समोर उभी होती, ओली बाळंतीण हर्षदा कोपऱ्यात रडत होती, आणि सैफ पुण्याहून येऊन अब्बांना सगळ्यांदेखत म्हणत होता, "किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला!" अब्बांनी मान खाली घातली. सुमैयाचं तोंड तसंच मिटलं.

गाडी ओढून शिरूरला आणली. डावा मडगार्ड आत गेलेला, पुढचा टायर रिममधून निघून लोंबत होता. बघणारा जो तो म्हणे, केवढा दणका बसलाय! चाक दणक्यानं गेलं, यात कुणाला शंका नव्हती. गनीभाईंनी चावी सुगराबीच्या हातात दिली आणि म्हणाले, "ठेव. मी परत मागायचो न्हाई."

घरात सगळ्यांना हायसं वाटलं. सैफला वाटलं, सुगराबीला तर फारच. "एवढ्यावर निभावलं, अल्लाची मेहरबानी," ती शेजारणींना सांगायची. एकट्या सुमैयाला अन्न गोड लागेना. कारखान्यात मीटरचा काटा कुठं बारावर थांबला तरी तिचा हात थबकायचा. तिनं नवऱ्याला, रिजवानला सांगितलं. तो म्हणाला, "आता बोलून काय? म्हातारे गाडी चालवायचे थांबले हे बरंच झालं ना?" हे तिच्याही मनात येऊन गेलं होतं. खोटं बोलून सगळ्यांचं भलं झालं, असं म्हणायची सोय होती, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटत होती.

एका दुपारी अनसाबाईचा फोन आला.

"सुमे, तुझा बाप कुठं तोंड लपवून बसलाय? ह्यास्नी दवाखान्यातनं घरी आनल्यापास्नं एकदाबी उंबऱ्याला आला न्हाई. फोन केला तर उचलत न्हाई. ह्ये रोज दाराकडं बघत बसत्यात. हाड मोडलं ते मोडलं, मानसं बी मोडायची का?"

पुढच्या सुट्टीला सुमैया माहेरी गेलीच नाही. एसटीनं यवतला गेली. आबा पडवीत कॉटवर बसले होते, शेजारी वॉकर. अंगानं निम्मे झाले होते. तिला बघून हसले.

"ये, ये. गन्या न्हाई आला?"

सुमैयानं पाणीही घेतलं नाही. बसलं तर बोलणं होणार नाही असं तिला वाटलं. उभ्या उभ्या सांगून टाकलं. काटा बारावर होता. मी बघितलं होतं. अब्बांनी विचारलं तर मी झाली म्हणाले.

चहाचे कप घेऊन आलेली अनसाबाई दारातच थांबली.

"म्हंजी तुला ठावं हुतं?" ती म्हणाली. "ठावं असून सोडलीस गाडी?"

"हो, काकू."

अनसाबाईनं कप तसेच आत नेले. मग आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.

"ती बोलंल. बोलू दे," आबा हळूच म्हणाले. "तिला रात्रीचं मला उठवावं लागतंय, धरून न्यावं लागतंय. तिचा राग खरा हाय." मग त्यांनी विचारलं, "गनीला सांगितलंस?"

"नाही."

"मग हितं कशाला आलीस आधी? माझं हाड डॉक्टरनं बसवलं. त्याचं कोन बसवनार? जा. आजच जा."

"आबा, मला माफ—"

"आधी त्याला सांग," आबा म्हणाले आणि त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. रागानं, की डोळ्यांत पाणी आलं म्हणून, ते सुमैयाला कळलं नाही.

शिरूरला पोचली तेव्हा अब्बा तिसऱ्या प्रहराची, अस्रची नमाज पढून ओट्यावर बसले होते. अम्मी तांदूळ निवडत होती. सुमैया अब्बांच्या पायाशी बसली आणि तेच सगळं पुन्हा बोलली. दुसऱ्यांदा बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं, ते जास्तच जड गेलं.

गनीभाईंनी एकच विचारलं, "बारा? नीट बघितलं होतंस?"

"दोनदा लावून."

ते आळीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मी रोज नमाजेत माफी मागतोय. डोळे गेलेले असताना हट्टानं गाडी चालवली, दोस्ताला लुळा केला, माफ कर म्हणून. आन् तू जेवताना माझ्यासमोर बसत होतीस. भाजी वाढत होतीस."

सुमैयाला वाटलं, ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

सुगराबीनं ताट बाजूला सारलं. "आता कशाला सांगितलंस गं? परत चावी मागतील ना हे!"

"न्हाई मागत," गनीभाई म्हणाले. "चौफुल्यापास्नंच स्टिअरिंग डाव्या हाताला जड लागत हुतं. आबाशी गप्पा मारत मी तसंच रेटलं. पूर्वी मला गल्लीच्या तोंडाशीच कळलं असतं, चाक उतरलंय म्हनून. ज्याला आपली गाडी कळंना झाली, त्यानं ती चालवू नये. ते माझं. तुझं ते तुझ्यापाशी, सुमे. ते मी माझ्या अंगावर घेनार न्हाई. हलकंबी करनार न्हाई."

पुढं कित्येक दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. सुमैया सुट्टी आली की येतच राहिली. मडगार्ड ठोकून घेतला, ट्यूब आणि व्हॉल्व्ह नवे बसवले. मार्च सुरू होता होता एका सकाळी तिनं चारही चाकांची हवा भरली. अब्बा खुर्ची टाकून बसले होते. प्रत्येक चाकाला ती आकडा मोठ्यानं सांगायची आणि ते म्हणायचे, "परत लाव." ती परत लावायची. मग तिनं चावी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती घेतली नाही. शेजारच्या सीटचं दार उघडून आत बसले.

"यवतला चल," म्हणाले.

पारगावच्या पुलावर ते एवढंच म्हणाले, "गिअर लवकर टाकतीस. तिला जरा पळू दे."

यवतला आबा वॉकर धरून दारापर्यंत आले. गनीभाई अंगणातच थांबले. पाय पुढं पडेना. आबांनीच शिवी हासडली. "गन्या, लंगडा मी झालोय, तू का अडलास?" तेव्हा गनीभाई गेले आणि दोघं एकमेकांना धरून उभे राहिले. कोण कुणाला सावरतंय ते कळत नव्हतं.

अनसाबाईनं गनीभाईंना पाणी दिलं, जेवायचा आग्रह केला. सुमैयाकडं तिनं बघितलंही नाही. सुमैया तशीच बसून राहिली. जेवणं झाल्यावर आबांना फिरवायची वेळ झाली, तेव्हा ती आपणहून उठली आणि त्यांच्या दंडाला धरलं. अनसाबाई पुढं आली, थांबली, आणि बाजूला झाली.

आबा तिच्यावर भार टाकून चालू लागले. हलके दिसत होते, पण खरं वजन टाकलं तेव्हा सुमैयाचा खांदा खाली गेला. तिनं दात आवळून धरून ठेवलं. गोठ्यापर्यंत जाऊन परत येताना ते दमले, थांबले.

"घाई न्हाई, आबा," ती म्हणाली.

ती पुढच्या सुट्टीलाही गेली आणि त्याच्या पुढच्याही. कधी अब्बा बरोबर असायचे, कधी एकटी एसटीनं. अनसाबाई तिच्या हातात आबांचा दंड द्यायची आणि आत निघून जायची. उन्हाळा कडक झाला तेव्हा एक दिवस ती आतूनच ओरडली, "सुमे, त्यास्नी उन्हात नगं नेऊस, लिंबाच्या सावलीनं ने." एवढंच. सुमैयानं आबांना वळवलं आणि सावलीच्या कडेकडेनं ती चालायला लागली.