पहिल्या नंबरावरची कुरकुर

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, हसू नका. रेडिओच्या यादीत सलग नऊ आठवडे पहिल्या नंबरावर ठाण मांडून बसलेली दुसरी खुर्ची तुम्ही पाहिली असेल, तर दाखवा.

एका सुताराने दाराच्या उरलेल्या सागवानातून मला आपल्या लेकीसाठी बनवलं. लेक पियानो शिकत होती. माझ्या मागच्या पायाचा सांधा जरा सैल राहिला, त्यामुळे ती रेलली की मी 'कुर्र' करायचे.

"बाबा, ही कुरकुरते."

"कुरकुरू दे. कोणीतरी बसलंय एवढं तरी कळतं," सुतार म्हणाला. खरं म्हणजे त्याला रंधा पुन्हा काढायचा कंटाळा होता.

लेक मोठी झाली. धाकट्या भावाच्या गळ्यात इलेक्ट्रिक गिटार आली आणि दोघांचा बँड झाला. त्यांच्या दोन तबकड्या आल्या कधी नि गेल्या कधी, शेजाऱ्यांनाही कळलं नाही. कंपनीने बजावलं, तिसरं गाणं पडलं तर करार संपला.

तिसरं गाणं होतं 'रिकामी खोली'. ताईने स्टुडिओतही माझ्यावरच बसून, जीव ओतून वाजवलं. ध्वनिमुद्रण करणारे काका काचेआडून बाहेर आले.

"ताई, गाणं फक्कड. पण दर कडव्याच्या शेवटी तुमची खुर्ची बोलते."

"तिची सवय आहे हो."

"सवयी घरी ठेवायच्या."

मग ताईला लोखंडी स्टुलावर बसवून गाणं पुन्हा घेतलं. माझी रवानगी मोडक्या माइकच्या अडगळीत झाली. सहा आठवडे कोळी माझ्यावर संसार मांडून होता.

आता काकांची एक रीत ऐका. टेपच्या डबीवर ते फक्त दोष लिहीत. चांगली डबी कोरी. पहिल्या डबीवर त्यांनी ठसठशीत लिहिलं, 'कुरकुर'. कंपनीचा माणूस आला, त्याने दोन्ही डब्या पाहिल्या आणि नाव लिहिलेली उचलली.

तबकडी बाजारात आली, तिचं नाव 'कुरकुर'! ताईने कपाळाला हात लावला. पण तिसऱ्या आठवड्यात न्हाव्याच्या दुकानात, बसथांब्यावर, जो तो कडवं संपलं की 'कुर्र' करत होता. एका जाणकाराने पेपरात लिहिलं, हा तर विरहात पिळवटलेल्या काळजाचा आवाज. माझा सांधा लाजून आणखी सैल झाला.

पहिल्या मोठ्या कार्यक्रमात ताई लोखंडी स्टुलावर बसली. कडवं संपलं. शांतता.

"कुरकुर कुठंय?" मागून कोणीतरी ओरडलं. सगळं सभागृह तेच विचारू लागलं. ताईचे हात थांबले. भाऊ गाडी घेऊन सुटला आणि मला डोक्यावर घेऊन मंचावर आला, कोळ्यासकट. ताईने पदराने मला पुसलं, एक माइक माझ्या पायाशी लावला आणि कडवं संपताच ती निवांत रेलली.

कुर्र!

छप्पर उडालं, मित्रांनो. सात वेळा वन्स मोअर मिळाला. बरं, सहा वेळा. सातवा मीच मागितला. पहिल्या रांगेतला सुतार शेजाऱ्याला सांगत होता, "तो सांधा मी मुद्दाम सैल ठेवला होता."

म्हणून सांगते, तुमच्या घरातलं काही कुरकुरत असेल, तर तेलाची बाटली शोधण्याआधी जरा ताल धरून बघा.