समुद्रातली भाजी

मिहीर म्हणाला, "आई, तुम्ही आत जाऊन भाजी बघायला लागा. मी शेजारच्या फार्मसीतून ज्ञानदाची औषधं घेऊन आलोच, पंधरा मिनिटांत." आणि त्याने सासूबाईंच्या, शैलजाताईंच्या, हातात एक ढकलगाडी दिली.

गाडी कराडच्या त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढी लांब होती. ती ढकलत त्या आत शिरल्या, तर काचेचं दार आपोआप मागे सरकलं आणि समोर पाण्याच्या टाकीत जिवंत खेकडे एकमेकांच्या अंगावरून चढताना दिसले. शैलजाताईंनी जन्मात कधी मासळीबाजारात पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी पदर नाकाला लावला आणि गाडी उजवीकडे वळवली.

त्यांना अमेरिकेत येऊन नऊ दिवस झाले होते. ज्ञानदा त्यांची एकुलती एक मुलगी. व्हर्जिनियात हर्नडनला राहायची, आयटीत होती. तिचं बाळंतपण तारखेच्या आधीच झालं, आणि व्हिसा, तिकीट या सगळ्यात शैलजाताई पोहोचल्या तेव्हा बाळ बारा दिवसांचं झालं होतं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, "टुरिस्ट?" मिहीरने फोनवर पढवल्याप्रमाणे त्या "येस, टुरिस्ट" म्हणाल्या. पण नऊ दिवसांत त्यांनी पाहिलं होतं ते एवढंच: एक घर, धुण्याचं मशीन, आणि भिंतीकडे तोंड करून पडलेली आपली मुलगी.

ज्ञानदाला काय झालंय, तेच त्यांना कळत नव्हतं. टाके भरून येत होते. ताप नव्हता. बाळ गुटगुटीत. पण पोरगी जेवत नव्हती, बोलत नव्हती, बाळाला घेतलं की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागायचं. "कुठे दुखतंय का गं?" विचारलं की "नाही." "मिहीरशी काही झालं का?" "नाही." "मग माझं काही चुकतंय?" यावर तर ती उत्तरही द्यायची नाही. डिंकाचे लाडू डब्यात तसेच होते. हळिवाची खीर दोन घोटांनंतर परत यायची. शेवटी शैलजाताईंनी हट्ट धरला की तिला ताजी मेथी आणि शेपू हवा. इंडियन स्टोअरमध्ये फोन केला तर मेथी शनिवारीच येणार, आणि हा सोमवार. तेव्हा मिहीर म्हणाला, "कोरियन सुपरमार्केटमध्ये जाऊ. तिथे पालेभाज्या भरपूर असतात. आपल्या पण असतात बहुतेक."

त्या 'बहुतेक'वर त्या इथे आल्या होत्या.

भाज्यांचा विभाग केवढा तरी मोठा. मुळे मनगटाएवढे नव्हे, मांडीएवढे. कोबी उभे, लांबुळके. पानांच्या जुड्या तर किती, पण प्रत्येकीच्या डोक्यावर पाटी कोरियन भाषेत, खाली बारीक इंग्रजी, आणि ते इंग्रजीही कळेना. शैलजाताईंनी कन्याशाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला होता. कोरिया म्हणजे द्वीपकल्प, तांदूळ, रेशीम, मासेमारी, असं फळ्यावर लिहून त्यांनी किती मुलींकडून पाठ करून घेतलं असेल. त्यातलं एक अक्षरही इथे उपयोगी पडत नव्हतं.

एक जुडी त्यांना जरा ओळखीची वाटली. कातरलेली, हिरवीगार पानं. मेथी नक्की नव्हती, पण शेपूच्या जवळची असावी. त्यांनी मंडईत करायच्या तसंच केलं. रबर सरकवलं, एक पान खुडलं, बोटांत चुरडून वास घेतला. वास आला शेवंतीच्या फुलाचा. शेवंती? त्यांनी पान तोंडात टाकलं. चव पण शेवंतीचीच. शेवंतीची भाजी करतात?

"एक्स्क्यूज मी!"

पाण्याचा फवारा हातात धरलेला, एप्रन घातलेला एक माणूस समोर उभा होता. तो काहीतरी कोरियनमध्ये बोलला, मग इंग्रजीत बोलला, आणि शैलजाताईंना दोन्हींतला फरक कळला नाही. सुटलेल्या रबराकडे तो बोट दाखवत होता. इथे पान खाल्लं म्हणजे चोरी होते का? त्यांनी घाईघाईने जुडी आपल्या गाडीत ठेवली, म्हणजे विकत घेतली असं दिसावं.

"मेथी," त्या म्हणाल्या. मग मिहीरने पाठ करून दिलेला शब्द आठवला. "फेन्युग्रीक."

"ग्रीक?" तो माणूस म्हणाला. "ग्रीक... योगर्ट?"

"नो, नो. फेन्यु. ग्रीक."

त्याने मान हलवली. आता काय करावं? शैलजाताईंनी दोन्ही हातांचा पाळणा केला आणि हलवला. "बेबी. माय डॉटर. बेबी." त्याचा चेहरा एकदम उजळला. "आह, बेबी!" म्हणत तो चालायलाच लागला. त्या गाडी ढकलत त्याच्या मागोमाग. नूडल्सच्या ओळीतून, सॉसच्या बाटल्यांच्या ओळीतून त्याने त्यांना नेलं ते थेट डायपरच्या ढिगासमोर. पुन्हा "बेबी" म्हणाला, वाकून नमस्कार केला आणि निघून गेला.

डायपरकडे बघत शैलजाताई तशाच उभ्या राहिल्या. पंधरा मिनिटं तर केव्हाच होऊन गेली असतील. मिहीरचा पत्ता नाही. ज्या दाराने आलो ते कुठे राहिलं तेही आता सांगता येईना. वर्गात दिशा शिकवणारी बाई एका दुकानात हरवली, या विचाराने त्यांना हसू यायला हवं होतं. पण चष्म्याची काच अंधुक झाली. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

चष्मा परत लावला तेव्हा समोर एक बाई. ठेंगणी, सत्तरीची तरी असेल, आखूड कुरळे केस, अंगात जांभळी बिनबाह्यांची बंडी. ती मघापासून मागे येत असावी, कारण तिने आपल्या हातांचा तसाच पाळणा करून दाखवला. मग शैलजाताईंच्या पोटाकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या.

"नो, नो!" शैलजाताई दचकून म्हणाल्या. "नॉट मी! डॉटर!"

बाईने डायपर बाजूला सारावेत तसा हात केला. तिने आपल्या छातीला दूध पाजल्यासारखा हात लावला, मग चमच्याने खाल्ल्यासारखं केलं, आणि प्रश्नार्थक पाहिलं. शैलजाताईंनी जोरजोरात मान हलवली. हो, हो, तेच. बाळंतिणीचं खाणं. मग बाईने बोटं उघडून दाखवली, एक, दोन, तीन, आणि पुन्हा भुवया. किती? किती काय? किती मुलं? किती पाकिटं? शैलजाताईंनी अंदाजाने दिवस धरले. दोन्ही पंजे उघडले, मिटले, पुन्हा उघडले, आणि मग एक बोट. एकवीस.

बाई काहीतरी मोठ्याने बोलली, त्यांचं मनगट धरलं आणि चालायला लागली. पकड चांगलीच घट्ट होती.

एका ओळीच्या टोकाला काळ्या पाकिटांची अख्खी भिंत होती. बाईने त्यातलं सर्वांत मोठं पाकीट ओढून शैलजाताईंच्या गाडीत टाकलं. आत काळं, सुकलेलं, वेडंवाकडं काहीतरी. जळलेल्या वेण्यांसारखं. पाकिटावर वाडग्याचं चित्र, वाडग्यात काळपट रस्सा.

"व्हेज?" शैलजाताईंनी विचारलं. "नो फिश? नो... मटण?"

बाईने "फिश" एवढंच ऐकलं आणि मान हलवली. हलवली म्हणजे हो की नाही? शैलजाताईंनी पाकीट हळूच परत ठेवलं. बाईने ते परत गाडीत टाकलं. त्यांनी पुन्हा ठेवलं. तिने पुन्हा टाकलं, आणि या वेळी पाकिटावर तळहात दाबून धरला. मग हाताने लाटांसारखं काहीतरी केलं. वर, खाली, वर, खाली. समुद्र? समुद्राशी काय संबंध? मग तिने आपल्या पोटावर हात फिरवला, चार बोटं दाखवली, प्रत्येक बोटामागे चमचा तोंडात घातल्याचा अभिनय केला, आणि "मियॉक" म्हणाली. चार मुलं. चारही वेळा हेच खाल्लं. एवढं मात्र शैलजाताईंना लख्ख कळलं.

"थँक्यू," त्या म्हणाल्या. दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी हात जोडले. बाईने त्यांच्या दंडावर थोपटलं, जणू वर्गातल्या ढ मुलीचं गणित एकदाचं सुटलं, आणि निघून गेली.

मिहीरला त्या सापडल्या तेव्हा तो घामाघूम झाला होता. "आई! मी अख्खं दुकान दोनदा फिरलो यार!" मग तोच ओशाळला. सासूला 'यार' म्हणालो हे त्याच्या लक्षात आलं. "हे काय घेतलंत?"

"माहीत नाही," शैलजाताई म्हणाल्या. "ही शेवंती आहे. आणि हे समुद्रातलं काहीतरी आहे. एका बाईंनी दिलं."

घरी आल्यावर मिहीर ऑफिसच्या फोनकॉलसाठी खाली तळघरातल्या खोलीत गेला. पाकिटावर सगळं कोरियनमध्ये. मिहीरने कोपऱ्यातलं बारीक इंग्रजी वाचून एवढं सांगितलं होतं की ही समुद्रातली वनस्पती आहे, मासा नाही. वनस्पती, तेही वाळलेली. म्हणजे आधी भिजत घालायला हवी, हे कुठल्याही भाषेत तसंच असणार. त्यांनी मोठं पातेलं घेतलं, अख्खं पाकीट त्यात रिकामं केलं, वर पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि बाळाला तेल लावायला गेल्या.

तेल, आंघोळ, धुरी नाही कारण घरातला धुराचा अलार्म वाजतो. बाळाला गुंडाळून, झोपवून त्या पाऊण तासाने स्वयंपाकघरात आल्या आणि दारातच थांबल्या.

झाकण जमिनीवर होतं. पातेल्यातून हिरवंकाळं, चकचकीत, बुळबुळीत काहीतरी बाहेर आलं होतं. ओट्यावर पसरलं होतं, सिंकमध्ये उतरलं होतं, आणि एक लांब पट्टा ड्रॉवरच्या मुठीवरून खाली लोंबत होता. त्या बघत असतानाच त्यातला एक गोळा फतकन जमिनीवर पडला.

"ज्ञाना!" त्या ओरडल्या. "ज्ञाना, धाव गं! हे वाढतंय!"

ज्ञानदा धावतच आली. अनवाणी, केस मोकळे, गाऊनची एक बाही खांद्यावरून उतरलेली. बाळाला काही झालं असं वाटून तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने ओट्याकडे बघितलं. मग दोन्ही हातांत हिरव्या पट्ट्यांची जुडी धरून उभ्या असलेल्या आईकडे बघितलं.

"आई, काय आहे हे?"

"मला काय माहीत! तू भांडं दे आधी!"

ज्ञानदाने कुकर दिला. तो भरला. मग सॅलडचा बाउल, मग कणकेची परात, मग जिच्यात कपडे भिजवायचे ती बादली. तरी ते उरलंच. "किती घातलंस?" "सगळं घातलं. पाकीट." "सगळं?" असं म्हणून ज्ञानदा हसायला लागली. ओट्याला टेकून, पोटावरचे टाके धरून हसायला लागली. "आई गं, दुखतंय," म्हणत हसली, आणि हसता हसता खाली बसली आणि रडायला लागली. शैलजाताई तशाच उभ्या. आता ही हसतेय की रडतेय, त्यांना सांगता येत नव्हतं. शेवटी त्याही तिच्याशेजारी, त्या ओल्या फरशीवर बसल्या.

बऱ्याच वेळाने ज्ञानदाने नाक पुसलं, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि शोधलं. "मियॉक" कसं लिहायचं ते तिसऱ्या प्रयत्नात जमलं. "आई, हे बाळंतिणीलाच देतात त्यांच्यात. रोज. सूप करून." ती वाचत होती. "पण बीफ घालतात."

"आपण लसूण घालू," शैलजाताई म्हणाल्या.

ज्ञानदाने नर्सच्या हेल्पलाइनला फोनही केला. थोडं खायला हरकत नाही, पण रोज भरपूर नको, त्यात आयोडीन फार असतं, असं उत्तर मिळालं. शैलजाताईंनी साजूक तुपात जिरं आणि लसूण परतला, मूठभर हिरवे तुकडे घातले, मीठ टाकून उकळी आणली. चव कशी? समुद्राची असावी. त्यांना सांगता आलं नसतं. ज्ञानदाने वाटी तोंडाला लावली, थांबली, आणि सगळं पिऊन टाकलं. मग म्हणाली, "भात आहे का?"

जेवता जेवताच तिने विचारलं. वाटीकडे बघत, हलक्या आवाजात. "आई, मला बाळाला घ्यावंसंच वाटत नाही कधी कधी. भीती वाटते. मी वाईट आहे का?"

नऊ दिवस शैलजाताई याच प्रश्नाच्या अवतीभोवती फिरत होत्या. आता जे ठाऊक होतं तेवढंच त्यांनी सांगितलं.

"तुझ्या वेळी मी मोरीत जाऊन रडायचे. दोन महिने. नळ सोडून ठेवायचे, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. का रडायचे, ते मला अजूनही कळलेलं नाही."

ज्ञानदाने वर पाहिलं. "तू कधी बोलली नाहीस."

"कुणाला सांगणार? आणि काय सांगणार? मुलगी सुखरूप झालेली, घरात सगळं ठीक." त्यांनी तिच्या ताटात आणखी भात वाढला. "मला कुणी विचारलं नाही, आणि मी तुला नको ते विचारत बसले."

मिहीर वर आला तेव्हा बादलीला अडखळला. त्याला काहीच कळेना. ज्ञानदा म्हणाली, "मिहीर, उद्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घे. बाळाची नाही. माझी."

डॉक्टरबाईंनी या दुखण्याला एक नाव दिलं, औषध दिलं, आणि दर आठवड्याला एका समुपदेशक बाईंशी बोलायला जायला सांगितलं. पहिल्या वेळी ज्ञानदा आत गेली तेव्हा शैलजाताई बाहेर गाडीत बाळ घेऊन बसल्या. लगेच सगळं बरं झालं नाही. मधले काही दिवस पुन्हा भिंतीकडे तोंड होतं. पण आता ज्ञानदा सांगायची, "आज वाईट दिवस आहे, आई," आणि शैलजाताई काही न विचारता बाळाला उचलून बाहेरच्या खोलीत न्यायच्या. दोनेक महिन्यांनी, ऑगस्टच्या मध्याला एका सकाळी त्या उठून बाहेर आल्या, तर सोफ्यावर ज्ञानदा बाळाला मांडीवर घेऊन त्याच्याशी गप्पा मारत होती. काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं. शैलजाताई पावलं न वाजवता चहा टाकायला वळल्या.