बहाव्याच्या बियांसाठी

आमच्या ताईंचा, म्हणजे माझ्या नणंदेचा, झाडांवर जेवढा जीव आहे तेवढा माणसांवर असता तर आमचं दोघींचं एकदाही वाजलं नसतं. मागच्या अंगणात आम्ही मिळून रोपं करतो, तीही फक्त इथल्या मातीतल्या फुलझाडांची. बहावा, ताम्हण, पळस, पांगारा. कुणी गुलमोहर मागितला की ताई त्याला खुर्चीत बसवून समजावतात, अहो तो पाहुणा, दिसायला झोकदार, पण इथल्या पाखरांच्या काय कामाचा, आणि गिऱ्हाईक चहा पिऊन पळ काढतं. मी आधी नुसती पाणी घालायची. मग एका उन्हाळ्यात दारातला बहावा पहिल्यांदा फुलला, फांदी दिसेना इतका पिवळाधमक, आणि मीही कामातून गेले. धंद्यात फायदा बेताचाच, पण त्या दिवसापासून मी कधी कुरकुर केली नाही. निदान झाडांबद्दल तरी नाही.

बहाव्याचं बी मात्र महाहट्टी. कवच इतकं टणक की नुसतं पेरलं तर मातीत ढिम्म पडून राहतं. थोडं बी असलं तर आम्ही एकेक सँडपेपरवर घासतो. या खेपेला एका शाळेनं ढीगभर रोपं मागितली, तेव्हा ताईंनी तीव्र सल्फ्युरिक ॲसिड आणलं. बी त्यात थोडा वेळ बुडवायचं, कवच झिजलं की काढून खूप पाण्यात धुवायचं, अशी ती रीत. ॲसिड आलं काचेच्या बाटलीतून आणि तिचं बूच निघालं तडकलेलं. उरलेलं ताईंनी अंगणातल्या एका जाड निळ्या प्लास्टिकच्या बाटलीत ओतून ठेवलं. मी म्हटलं, त्यावर काहीतरी लिहा. त्या म्हणाल्या, आपण दोघीच तर वापरणार. तसल्या बाटल्या आमच्याकडे दोन. दुसरी माझ्या नवऱ्याची, म्हणजे ताईंच्या बाळ्याची, कामावर न्यायची. हे शहरात बस चालवतात.

काल सकाळी एक जोडपं रोपं बघायला आलं, बरोबर दोन पोरं. पोरं कुंड्यांमधून नुसती उधळली होती. त्यांच्या हाताला लागायला नको म्हणून ताईंनी ॲसिडची बाटली उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, पाण्याच्या पिंपाशेजारी. मी बाहेर रोपं दाखवत होते. ह्यांना उशीर झाला होता, हे डबा घेऊन घाईघाईनं गेले.

गिऱ्हाईक गेल्यावर मी आत आले तर ओट्यावर ह्यांची निळी बाटली, मी भरून ठेवली होती तशीच. मी आपली नेहमीसारखी करवादले, एवढ्या उन्हात हा माणूस पाणी विसरून गेला. ताई हात धूत होत्या. त्यांनी ओट्यावरच्या बाटलीकडे बघितलं, मग पिंपाशेजारच्या मोकळ्या जागेकडे. नळ तसाच चालू राहिला.

“अगं,” त्या म्हणाल्या, “बाळ्या ती घेऊन गेला.”

ती म्हणजे ॲसिडची. रंग नाही, वास नाही, आणि बाटलीतून आतलं काही दिसत नाही. ॲसिड पाण्यापेक्षा कितीतरी जड, म्हणजे अर्धी बाटली हाताला भरलेल्या बाटलीसारखीच लागली असणार. ह्यांना काय कळणार, कपाळ?

मी फोन लावला. बंद. गाडी चालवताना हे फोन बंदच ठेवतात, आणि याच सवयीचं मी चार लोकांत कौतुक करत आले. डेपोत लावला तर कुणी उचलेना. मग लागला, तर तिथला माणूस म्हणाला, गाडी मधेच कुठे थांबवू बाई, शेवटच्या स्टॉपवर पोचली की निरोप देतो. मी म्हटलं, तोवर त्यांनी घोट घेतला तर? तो म्हणाला, कसला घोट? त्याला समजावत बसायला वेळ नव्हता, मी फोन ठेवला.

ताईंनी स्कूटर काढली. मी मागे बसले आणि त्यांच्या पाठीला तोंड लावून वाट्टेल ते बोलले. तुमच्या झाडांपायी माझा संसार जाणार, लिहायला सांगितलं होतं, अक्कल गहाण ठेवली होती का. मोठ्या नणंदेला असं कुणी बोलत नाही. त्या एका शब्दानं उलटल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. ताई गप्प बसल्या म्हणजे त्यांनाही वाटतंय की उशीर झालाय.

मनाला मी एकच गोष्ट परत परत सांगत होते. वाटेत बाथरूमची सोय नसते म्हणून हे गाडीवर असताना पाणी पीत नाहीत, शेवटच्या स्टॉपला जेवताना पितात. पण ऊन असं की रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं. इंजिनाशेजारी बसून माणूस कोरडा किती वेळ राहील? एका स्टॉपवर घोळका दिसला, सगळे वाकून खाली काहीतरी बघत होते. ताईंनी कचकन ब्रेक मारला. मी उतरून घुसले, तर एका म्हाताऱ्याच्या पिशवीतले कांदे सांडले होते. मला रडू फुटलं. लोकांना वाटलं कांदे माझेच.

त्या रस्त्याला दोन्हीकडे बहावे आहेत आणि सध्या ते ऐन बहरात आहेत. एरवी मी ताईंना गाडी हळू घ्यायला लावते. काल ते पिवळे घोस डोक्यावरून मागे जात होते आणि मला त्यांची किळस आली. एकेक झाड मुळासकट उपटावंसं वाटलं.

शेवटच्या स्टॉपवर ह्यांची बस उभी होती. दारं उघडी, आत कुणी नाही, ड्रायव्हरची सीट रिकामी. बाजूच्या पाणपोईवर एक बाई लहान मुलीला ओंजळीनं पाणी पाजत होती आणि जो भेटेल त्याला ऐकवत होती. पोरगी सारखी पाणी पाणी करत होती, मी पुढेच बसले होते, भरलेली बाटली ह्या ड्रायव्हरच्या पायाशी, आणि मागितली तर सरळ नाही म्हणाला मेला. घोटभर पाण्यासाठी.

मी त्या मुलीकडे बघितलं. चारेक वर्षांची असेल. पाणी हनुवटीवरून फ्रॉकवर ओघळत होतं.

मग धावले. ड्रायव्हरांच्या खोलीत टेबलावर वर्तमानपत्र पसरून हे एकटेच जेवायला बसले होते. डबा अर्धा संपला होता. बाटलीचं टोपण काढून ह्यांनी ती उचलली होती.

“ते पाणी नाही,” मी म्हटलं. ह्यांचं मनगट मी दोन्ही हातांनी धरलं. बाटली हिंदकळली, एक थेंब कागदावर पडला. हे काही विचारणार होते, तेवढ्यात थेंबाखालचा कागद काळा पडला, आणि काळं पसरत गेलं. ताईंनी मागून येऊन बाटली काढून घेतली, टोपण घट्ट लावलं आणि तिथेच जमिनीवर बसल्या. भावाकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

मला वाटलं आता हे भडकणार. भडकायलाच हवं होतं. पण हे त्या काळ्या डागाकडे बघत राहिले.

“एक लहान मुलगी पाणी मागत होती,” हे म्हणाले. “मी दिलं नाही.”

“कळलं होतं तुम्हाला?”

“नाही गं. बाटलीला तोंड लावेल म्हणून.”

ह्यांना कुणाचं उष्टं चालत नाही. मुलांचंसुद्धा चाललं नाही कधी. त्यावरून आमची किती भांडणं झालीत त्याची गणती नाही.

हे उठले. खरकटा हात तसाच, बाहेर गेले, पाणपोईपाशी त्या बाईसमोर हात जोडून उभे राहिले. बोलायला तोंड उघडलं आणि डोळेच वाहायला लागले. मी मागे उभी होते. मी सांगायला हवं होतं, पण पोरीच्या आईला कुठल्या तोंडानं सांगू? बाईचा राग एकदम उतरला. एवढा मोठा माणूस भर रस्त्यात रडतोय, तीच ओशाळली.

“असू द्या हो दादा,” ती म्हणाली. “होतं असं कधी कधी. पण पुढच्या वेळी लहान पोरानं पाणी मागितलं तर नाही म्हणू नका.”

हे मान हलवत राहिले.