बाराव्या पानावरचं मशीन

मामांनी यान सूर्याच्या पोटातून आरपार जाऊ दिलं. यानातला एक बटाटा कॅप्टनला हुकूम सोडायचा, त्यालाही हरकत घेतली नाही. समासात नुसतं 'कथेची गरज' असं लिहिलं. पण बाराव्या पानावर यानातलं कपडे धुण्याचं मशीन चालत जाऊन दार अडवतं आणि कॅप्टनला कोंडतं, तिथे त्यांची लाल पेन्सिल अशी फिरली की कागद फाटला. 'अशक्य. काढा.'

गोष्ट त्यांच्या भाचीची. कपडे धुण्याची मशीनं दुरुस्त करणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. मामा भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक, आणि त्यांच्या सहीशिवाय मासिकात एकही विज्ञानकथा छापायची नाही हा संपादकांचा दंडक. भाचीच्या चार गोष्टी सहीवाचून परत आल्या होत्या. पाचवी आज संध्याकाळपर्यंत पोचायला हवी होती.

मामांचं म्हणणं सरळ होतं. सूर्याच्या पोटात कुणी गेलेलं नाही, तिथे लेखकाला मोकळं रान. मशीन मात्र घरोघरी आहे आणि कुणाचंही फिरायला जात नाही. ते पान गाळ, लगेच सही करतो. आईनेही फोनवर तेच सांगितलं, की मामाच्या तोंडी लागू नकोस, पान आहे ते, मूत्रपिंड नाही.

भाचीने दोघांचं ऐकून घेतलं आणि मामांना दुकानात नेऊन स्टुलावर बसवलं. एक कोरं मशीन आलेलं होतं. प्रवासात आतलं पिंप हलू नये म्हणून ते मागून चार बोल्टांनी आवळलेलं असतं. घरी आणल्यावर बोल्ट काढायचे असतात, आणि निम्मं गाव ते विसरतं. त्यावर तर तिचं दुकान चालायचं. तिने बोल्ट तसेच ठेवले, आत ओली सतरंजी कोंबली, दुकानाचं दार लोटलं आणि बटण दाबलं.

मशीन आधी गुरगुरलं. मग पिळायला लागलं आणि आमंत्रण आल्यासारखं मामांकडे निघालं. मामांनी पाय वर घेतले. ते स्टुलाला घासून पुढे गेलं, दाराला टेकलं, तिथे वायर संपली, प्लग निघाला आणि गप्प झालं. दार आत उघडणारं. दोघंही कोंडली गेली.

मामा म्हणाले, "खरं आहे. पण पटत नाही."

"सूर्य पटला?"

"सूर्याचं वेगळं."

"मग सूर्यच गाळते. यान जागेवर उभं, आत मशीन चालतंय. एवढंच छापा."

मामांचा चेहरा उतरला. सूर्याचं पान त्यांनी तीनदा वाचलं होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण पानावर चहाच्या कपाची तीन वर्तुळं होती आणि ती भाचीने मोजली होती.

"सूर्याला हात लावू नकोस गं," ते म्हणाले.

"मग मशीनलाही लावायचा नाही. जाईल तर अख्खी गोष्ट जाईल, मामा. नाहीतर ही पाचवीही परत द्या, मी सहावी लिहिते. त्यात दोन मशीनं चालतील."

मामांनी पाय वर ठेवूनच कागद मागितले. 'काढा' खोडलं. 'अशक्य' तसंच ठेवलं, पुढे 'प्रत्यक्ष पाहिले' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

"आता उतरा, मशीन ढकलू," भाची म्हणाली. "प्लग निघालाय."

"कळतंय मला," मामा म्हणाले. "पटत नाही."