कुणीतरी वाचतं ना?

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी शिक्षिका इंगेरने पहिलीच्या वर्गात संगणक वाटले. डेन्मार्कमधल्या जटलंडच्या किनाऱ्यावरच्या त्या छोट्या शाळेत दरवर्षीची प्रश्नावली भरून घ्यायची होती. सात वर्षांच्या मुलांना धड वाचता येत नाही, म्हणून हेडफोनमधून एक बाई प्रश्न विचारी आणि मुलं हसऱ्या, मख्ख किंवा रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवत.

व्हिग्गा एका प्रश्नावर अडली. घरी कसं वाटतं, भीती वाटते का? तिने हेडफोन काढून विचारलं, "इंगेर, हे कुणीतरी वाचतं ना?"

शिक्षकांनी मुलांच्या पडद्याकडे पाहायचं नाही, असा नियम होता. इंगेरने तो पाळला. "वाचतात की. मोठी माणसं वाचतात. तू खरं तेच दाब."

व्हिग्गाने दाबलं.

पुढे कितीतरी दिवस शाळेच्या दारात कुणी अनोळखी माणूस दिसला, की ती धावत जायची. टपाल घेऊन आलेल्या माणसालाही तिने एकदा आपलं नाव सांगितलं. इंगेरला त्याची गंमत वाटली.

फेब्रुवारीत निकाल आला. आलेखात भीतीच्या प्रश्नापुढे नखाएवढी लाल पट्टी होती, भीती वाटते म्हणणाऱ्यांची. ती कुठल्या मुलांची, हे कुणालाच कळणार नव्हतं. नावं गुप्त होती. गेल्या वर्षीपेक्षा पट्टी बारीक, म्हणून मुख्याध्यापक प्रेबेनने केक मागवला. इंगेरने दोन तुकडे खाल्ले.

मार्चमध्ये सावत्र बापाने व्हिग्गाला जिन्यावरून ढकललं. हात मोडला, दोन बरगड्याही. इंगेर इस्पितळात गेली, तेव्हा मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

"कधी गं?"

"कम्प्युटरमध्ये. तू म्हणालीस, वाचतात."

तिला दूरच्या एका कुटुंबात ठेवलं. ती पुन्हा त्या शाळेत आली नाही.

पुढच्या नोव्हेंबरात इंगेरने संगणक वाटायला नकार दिला. प्रेबेनने परोपरीने समजावलं. नावं गुप्त असतात ती मुलांच्याच भल्यासाठी, आकडे अपुरे राहतील, वरून लेखी ताकीद येईल.

"येऊ दे," इंगेर म्हणाली. "पोरांना वाटतं, पलीकडे माणूस आहे. आपणच तसं सांगतो, प्रेबेन. आणि पलीकडे कुणी नसतं."

ताकीद आली. इंगेर रोज मधल्या सुट्टीत तीन मुलांना, एकेकाला वेगळं, वाचनाच्या खोलीत घेऊन बसू लागली आणि घरी कसं वाटतं, ते स्वतः विचारू लागली. सहाव्या दिवशी माल्थे नावाचा मुलगा त्या प्रश्नावर नुसती बुटाची नाडी ओढत राहिला. सुट्टी संपल्याची घंटा झाली. इंगेर उठली नाही.